गव्हर्नर जनरल पुरस्कार फक्त इंग्रजीचे नाहीत

कॅनडाच्या गव्हर्नर जनरल साहित्य पुरस्कारांविषयी एक मजकूर बराच फिरतो आहे. हे पुरस्कार मुळात इंग्रजी पुस्तकांचे असून फ्रेंचला त्यांत नावापुरती जागा आहे, विजेते गव्हर्नर जनरल (कॅनडातील राजसत्तेचे प्रतिनिधी) स्वतः ठरवतात आणि परदेशात जन्मलेल्या लेखकाचा तिथे विचार होत नाही, अशी तीन विधाने त्यात आहेत.

पहिले विधान सर्वांत फसवे आहे, कारण त्यात जुन्या वस्तुस्थितीचा अंश आहे. १९३६ मध्ये हे पुरस्कार सुरू झाले तेव्हा फ्रेंच पुस्तकाला इंग्रजी भाषांतराच्या वाटेनेच तिथे पोहोचता येत असे. गाब्रिएल रुआ यांची १९४५ ची फ्रेंच कादंबरी १९४७ मध्ये पुरस्कारप्राप्त ठरली ती इंग्रजी अवतारात. हा अन्यायच होता, आणि मराठी वाचकाला तो अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. पण १९५९ मध्ये व्यवस्था कॅनडा कौन्सिल या कलांना साहाय्य करणाऱ्या सरकारी संस्थेकडे आली आणि फ्रेंच पुस्तकांना स्वतंत्र पुरस्कार मिळू लागले. आज दोन्ही भाषांत प्रत्येकी सात विभाग आहेत आणि विजेत्याला मिळणारी २५,००० डॉलरची रक्कमही दोन्हीकडे सारखीच आहे. क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते युबेर आकँ यांनी १९६८ चा पुरस्कार नाकारला, हा दाखला काही जण देतात. परंतु त्यांचा नकार राजकीय होता, पुरस्कार त्यांच्या मूळ फ्रेंच कादंबरीलाच जाहीर झाला होता, आणि त्याच वर्षी इंग्रजीत लिहिणारे कॅनेडियन कवी लेनर्ड कोहेन यांनीही तो स्वीकारला नाही.

दुसरे विधान नावावरून झालेला गैरसमज आहे. निवड लेखक, अनुवादक, चित्रकार अशा समव्यावसायिकांच्या परीक्षक समित्या करतात.

तिसऱ्या विधानाला मुंबईनेच उत्तर दिलेले आहे. मुंबईत जन्मलेले आणि १९७५ मध्ये कॅनडात गेलेले रोहिंटन मिस्त्री यांना १९९१ मध्ये इंग्रजी कादंबरीचा पुरस्कार मिळाला, तोही मुंबईतल्या एका पारशी कुटुंबाच्या कथेसाठी. नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना पुरेसा असतो. जन्मस्थान विचारले जात नाही. व्हिएतनाममधील सायगावात जन्मलेल्या आणि निर्वासित म्हणून आलेल्या किम थुई यांच्या ‘रू’ या कादंबरीला २०१० मध्ये फ्रेंच विभागाचा पुरस्कार मिळाला. तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले ते २०१२ मध्ये, म्हणजे पुरस्कार मूळ फ्रेंच पुस्तकालाच मिळाला होता.