हिमालयातला एल्म आणि आपला वावळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हिमालयातला एल्म हा वृक्ष धोक्यात आहे, अशा माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. एल्म म्हणजे आपला वावळच, तो पुण्यात जागोजागी आहे, मग धोका कसला? दुसरं, एल्म रोगाने मरतात ते युरोपात, इथे नाही. आणि तिसरं, शहरात गॅसवर स्वयंपाक करणाऱ्याने पहाडातल्या बायकांना पाला तोडू नका असं सांगू नये. तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो मला लागला.

‘गावकऱ्यांनी झाडं ओरबाडली’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. कुलू खोऱ्यात आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या आजी सप्टेंबरात घरामागच्या एल्मवर चढून डहाळ्या उतरवत होत्या. सत्तरीच्या बाई, कमरेला विळा. पाला सुकवून ठेवला नाही तर बर्फाच्या दिवसांत गाईंना घालायचं काय? त्यांना बोल लावायचा मला अधिकार नाही.

पण ते झाड तुम्ही पाहायला हवं होतं. विजेच्या खांबासारखं सरळ खोड, ठिकठिकाणी तोडीच्या गाठी आणि शेंड्याला चार हिरवे झुपके. जिवंत होतं, यात शंका नाही. अडचण पुढे आहे. एल्मला फुलं येतात ती पालवी फुटण्याआधी, आदल्या वर्षीच्या डहाळीवर. ती डहाळी दरवर्षी गोठ्यात जात असेल तर फूल धरणार कशावर? फूल नाही म्हणून बी नाही. चुकून एखादं रोप उगवलंच, तर चरणारी गुरं त्याला वर येऊ देत नाहीत. त्या अख्ख्या उतारावर मला गुडघ्याएवढंही रोप सापडलं नाही. म्हणून ‘मनालीला एल्मची भरपूर झाडं पाहिली’ असं कुणी म्हटलं, तरी एवढ्याने माझं समाधान होत नाही. शिवाय मोडलेल्या हाडावर बांधायला आणि दोरासाठी साल काढतात. ती खोडाभोवती पूर्ण गोल सोलली तर झाड वाचत नाही. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या ‘आययूसीएन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत, ते ‘असुरक्षित’ गटात आहे ते यामुळेच.

वावळाचं म्हणाल तर कुळ एकच, पण प्रजाती वेगळी. चुलत भाऊ म्हणा. उन्हाळ्याच्या तोंडाला रस्त्यावर पसरणाऱ्या त्याच्या पापडीसारख्या गोल चकत्या पाहिल्या की एल्मचं बी कसं असतं याची कल्पना येते. पण वावळ आहे म्हणून एल्म गेला तरी चालेल, हे मला पटत नाही. काश्मीरात ज्याला ब्रेन म्हणतात तो हा एल्म अफगाणिस्तानपासून पश्चिम नेपाळपर्यंतच्या पट्ट्यातला आहे.

रोगाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि मला तर तीच सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ‘डच एल्म’ या बुरशीच्या रोगाने अडीच कोटींहून जास्त एल्म गेले. त्याच बुरशीची एक सख्खी बहीण आपल्या हिमालयात आहे. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन केलं. सालीखाली भुंगेरे जे बोगदे कोरतात त्यांत ती राहते, तरी इथल्या एल्मांत साथ नाही. झाड आणि बुरशी, दोघांचं कुठेतरी जमून गेलं आहे. हायब्रुक हे डच संशोधक १९६० मध्ये हिमालयात आले ते रोगाला दाद न देणाऱ्या एल्मांच्या शोधात. १९७३ मध्ये हॉलंडने बाहेर आणलेल्या ‘लोबेल’ या वाणात या हिमालयी झाडाचं रक्त आहे. ही ताकद सगळ्या झाडांत सारखी नसते, म्हणून दोन-चार झाडं बागेत जपून भागत नाही.

मग करायचं काय, असंही तुम्ही विचारलंत. आजींच्या गावात देवळाजवळचा एल्म कुणी तोडत नाही. तो फांद्या पसरून उभा आहे. आजींच्या घरामागच्या झाडाचाच तो भाऊ, हे खरं वाटत नाही. दर दहा झाडांत दोन अशी राखायची, चार-पाच वर्षांनी पाळी बदलायची, आणि तेवढ्या पाल्याच्या बदल्यात त्या घरांना गवत किंवा पैसा द्यायचा. हा भार त्या आजींवर टाकू नये, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे.

लेखातलं ‘झाडं ओरबाडली’ हे वाक्य आज काढलं आहे आणि का काढलं तेही तिथेच लिहिलं आहे.