उन्हातला पूल आणि शॅडोजचा स्लायडर

परवा एका मित्राने पुलाचा फोटो पाठवला. भर दुपारचा, दगडी कमानींचा पूल. वर आकाश पांढरंफटक, कमानींच्या आत डांबर ओतल्यासारखा काळोख, आणि खाली मेसेज, 'बहुतेक कॅमेराच बदलावा लागणार रे.' मी म्हटलं थांब जरा, इतक्यात खिशात हात घालू नकोस. तर दोन तासांनी साहेबांनी तोच फोटो 'सुधारून' पाठवला आणि तो बघून मात्र मला खरंच वाईट वाटलं. एडिटिंग ॲपमधला शॅडोजचा, म्हणजे अंधारा भाग उजळवायचा, स्लायडर पार वर, हायलाइट्सचा, म्हणजे उजळ भागाचा, पार खाली, वरून कडा ठसठशीत करणाऱ्या क्लॅरिटीचा मारा. कमानीतला काळोख गेला पण त्याजागी राखाडी चिखल आला, त्यात लाल-हिरवे ठिपके, आणि पुलाच्या कडेकडेने आकाशात अशी उजळ झालर की मूर्तीमागची प्रभावळच जणू.

मला कुणी विचारलेलं नाही तरी सांगतो, कडक उन्हातले पुलाचे फोटो उन्हामुळे कमी बिघडतात, सगळं दाखवायच्या हट्टामुळे जास्त बिघडतात. आपण तिथे उभे असतो तेव्हा डोळा आकाशाकडे वळला की बाहुली लहान होते, कमानीत वळला की मोठी होते, मेंदू सगळं जुळवून देतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की मला तर सगळं दिसत होतं. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये एकच एक्स्पोजर मिळतं, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा ते सगळ्या फोटोसाठी एकदाच ठरतं. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश, म्हणजे ऊन पडलेला दगड आणि कमानीचं पोट यांच्यात १० स्टॉपचा फरक असला तर तो १०२४ पट झाला, आता एवढं अंतर एका फोटोत कोंबल्यावर काहीतरी जाणारच ना! काय जाऊ द्यायचं ते तुम्ही ठरवा, नाहीतर कॅमेरा ठरवतो.

आणि हे दुखणं काही आजचं नाही. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढायचा, तेव्हाच्या निगेटिव्हला निळा रंग जरा जास्तच जाणवायचा त्यामुळे आकाश हमखास जळायचं, म्हणजे नुसतं पांढरं व्हायचं. मग हा गडी काय करायचा, आकाशाची निगेटिव्ह वेगळी, समुद्राची वेगळी, आणि दोन्ही मिळून एक प्रिंट. आजचं ब्रॅकेटिंग म्हणजे तेच. ट्रायपॉडवर एक फोटो बरोबर, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त, आणि नंतर जोडायचे. फक्त पुलावरून गाड्या जात असतील किंवा वाऱ्याने झाडं हलत असतील तर जोडल्यावर अर्धी गाडी भुतासारखी दिसते, ते बघून घ्या.

पण बऱ्याचदा एवढंही लागत नाही. माझा साधा हिशोब असा की पुलाचा जो भाग उन्हात सगळ्यात जास्त चमकतोय तो जळता कामा नये, बाकीचं मागाहून. मोबाईलवर त्या उजळ दगडावर बोट दाबून धरायचं, एक्स्पोजर लॉक झालं की सूर्याची खूण खाली ओढायची, बास. कॅमेऱ्यात हायलाइट वॉर्निंग चालू ठेवा, जळलेला भाग लुकलुकतो. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढलात तर उत्तमच, ८ बिट जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि १४ बिट रॉमध्ये १६३८४, त्यामुळे अंधार थोडासा उचलला तरी तुकडे पडत नाहीत. मात्र जो भाग पूर्ण पांढरा झाला तो रॉमध्येही गेलाच, तिथे कितीही ओढा, राखाडी ठिगळच मिळणार.

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर कसा फसतो तेही कळायला मला वर्षं गेली. त्याला सगळं जग मध्यम राखाडी वाटतं. पांढऱ्या काँक्रीटच्या पुलाने फ्रेम भरली की तो फोटो मळका करतो, तिथे एक स्टॉप वाढवा. उजळ आकाशापुढे काळपट लोखंडी पूल असला तर आकाशाला घाबरून पूल काळा करून टाकतो. काळा होतोय तर होऊ दे की! गर्डरची जाळी, केबलच्या रेघा, सरळ छायाचित्र नाही तर छायाच काढा, ब्लॅक अँड व्हाइट करा.

आता माझ्या आवडीची गोष्ट. कमानीच्या पोटात प्रकाश कुठून येतो हे कधी नीट बघितलंय? खालच्या पाण्यावरून. ऊन कमानीसमोरच्या पाण्यावर पडलं की तिथून उडून वर छताला लागतं, आणि दगडांवर त्या हलत्या सोनेरी रेघा नाचायला लागतात. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तर रेघा गायब. म्हणजे जो काळोख तुम्ही घरी बसून स्लायडरने घालवताय तो नदी फुकटात घालवून देत असते, फक्त त्यावेळी तिथे असावं लागतं. लोखंडी पुलावर तसंच रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या त्या गोल डोक्याच्या खिळ्यांचं, ऊन समोरून असेल तर सगळं सपाट पत्र्यासारखं दिसतं आणि तेच ऊन बाजूने घासून आलं की एकेका रिव्हेटच्या डोक्याला चिमुकली सावली फुटते. पूल उत्तर-दक्षिण असेल तर सकाळी पूर्वेची बाजू उजळते, दुपारनंतर पश्चिमेची. हे घरबसल्या नकाशात बघून जाता येतं, आणि तरी आपण बारा वाजता पोचतो, मीसुद्धा.

पोलरायझरबद्दल, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायच्या चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरबद्दल, लोक फार विचारतात. सूर्याकडे खांदा करून उभं राहिलात तर आकाश छान गडद होतं, फार वाइड लेन्स असेल तर अर्धं गडद अर्धं फिकट असं विचित्र होतं. पाण्यावरची चकाकी जाते, पण फिरवताना डोळा उघडा ठेवा, चकाकीबरोबर पुलाचं प्रतिबिंबही पुसलं जातं. आणि लांबून टेलीने, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, दुपारी काढलेला फोटो मऊ आला तर लेन्सला शिव्या देऊ नका, तापलेली हवा थरथरत असते, शार्पनिंगने ती थरथर आणखी शार्प होते एवढंच.

मित्र गेला होता परत, साडेचारला. यावेळी अख्खा पूल नाही, एकच कमान, आतला अर्धा भाग काळाच ठेवलाय आणि वरच्या दगडांवर त्या पाण्याच्या रेघा. छान आलाय फोटो, त्याच जुन्या कॅमेऱ्यावर. आज सकाळी त्याने नवीन कॅमेऱ्याची लिंक पाठवलीये.