आनंदी देशातली ट्राम आणि गिरगावची मावशी

दर मार्चमध्ये, वीस तारखेच्या आगेमागे, माझ्या फोनवर एकच बातमी चारी दिशांनी येऊन आदळते. माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप. ‘फिनलंड पुन्हा जगातला सर्वांत आनंदी देश!’ खाली ठरलेला प्रश्न : काय मग, मजा आहे ना तुमची? २०१८ ते २०२५ सलग आठ वर्षं फिनलंड पहिला आहे आणि २०२५ च्या यादीत भारत ११८ वा होता. ते वाचून कुणी ना कुणी चिडतंच. ‘आमच्या गणपतीत येऊन बघा म्हणावं, मग कळेल आनंद म्हणजे काय!’

हेलसिंकीत येऊन आता बरीच वर्षं झाली. दर वेळी दोन ओळींत उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे हे क्रमांक ज्यात येतात त्या ‘वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट’ नावाच्या अहवालासाठी कुणी दारात येऊन ‘तुम्ही आनंदी आहात का’ असं विचारून क्रमांक लावत नाही. एक शिडी डोळ्यांसमोर आणा म्हणतात. सगळ्यात खालची पायरी शून्य, सगळ्यात वरची दहा. वर तुम्हाला जगता येईल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य, खाली वाईटातलं वाईट. सध्या कुठल्या पायरीवर आहात? लोक जो आकडा सांगतात त्याची तीन वर्षांची सरासरी काढली की क्रमांक ठरतो. २०२५ मध्ये फिनलंडची सरासरी ७.७ च्या आसपास होती. यात कोण किती हसतं, सण किती दणक्यात होतात, घरात माणसं किती, याला मार्क नाहीत. तेव्हा आमच्या गणपतीला कुणी नापास केलेलं नाही, रागावू नका.

आणि म्हणूनच इथल्या ट्राममध्ये चढलात तर समोर जगातली सर्वांत आनंदी माणसं बसली आहेत असं तुम्हाला सात जन्मांत वाटणार नाही. नोव्हेंबरात तर नाहीच. दुपारी चारच्या सुमाराला अंधार, पाऊस धड पाऊस नाही, बर्फ धड बर्फ नाही, काळे कोट, काळ्या टोप्या, आणि प्रत्येकाच्या कोटाला लोंबकळणारा एक चकचकीत तुकडा. अंधारात गाडीवाल्याला माणूस दिसावा म्हणून हा रिफ्लेक्टर लावायचा, तसा कायदाच आहे. लहान मुलांचे रिफ्लेक्टर घुबडाच्या, हत्तीच्या आकाराचे असतात. माझ्या मुलीच्या कोटाला तीन लटकतात. डब्यात रंग म्हणावा असा तेवढाच. शेजारची जागा रिकामी असली तरी माणूस उभा राहील, पण विचारून बसायच्या फंदात पडणार नाही.

मग ही मंडळी साडेसातव्या पायरीवर चढून बसतात कशी?

माझं मत असं, की त्याचं उत्तर माणसांच्या स्वभावात शोधू नये, रस्त्यावर शोधावं. ‘फिनिश लोक मुळातच समाधानी, निसर्गात रमणारे’ वगैरे जे छापून येतं ना, ते मला अजिबात पटत नाही. शेजारच्या आजोबांइतका कुरकुऱ्या माणूस मी डोंबिवलीतही पाहिलेला नाही. पण त्या आजोबांना घरातून निघून डॉक्टरकडे, डॉक्टरकडून लायब्ररीत आणि तिथून घरी येताना कुणाशीही भांडावं लागत नाही, कुणाची मनधरणी करावी लागत नाही. कुरकुर हवामानाची, सरकारची आणि वरच्या मजल्यावरच्या पियानोची.

एक उदाहरण देते. मुलगी बाबागाडीत होती तेव्हाची गोष्ट. इथे सहा वर्षांपर्यंतचं मूल बाबागाडीत असेल तर सोबतच्या माणसाला बस, ट्राम, मेट्रोत तिकीट नाही. मला आधी वाटलं, बाळंतिणीला सवलत देतात. पण कारण सांगतात ते फार व्यवहारी आहे. बसच्या मधल्या दाराने गाडी आत घ्यायची आणि मूल तिथेच सोडून पुढे ड्रायव्हरकडे तिकीट काढायला जायचं, हे धोक्याचं. मग तिकीटच नको. संपलं! ना फॉर्म, ना दाखला. बस फुटपाथच्या बाजूला जरा कलते, मी गाडी आत ढकलते, बाबागाड्यांसाठी ठेवलेल्या जागेत लावते. त्या काळात मी दिवसातून कितीदा तरी उगाचच बाहेर पडत असे. कधी हाकानिएमीला, तिथल्या आशियाई दुकानांत कढीपत्ता आला का बघायला. कधी ओदी लायब्ररीत. ही लायब्ररी डिसेंबर २०१८ मध्ये बरोबर संसदेच्या समोर उघडली. तिथे पुस्तकं आहेतच, शिवाय शिलाई मशीनही आहे. मी पडद्यांना दुमड तिथेच घातली, खिडकीतून संसदेच्या पायऱ्या बघत.

बाळंतपणानंतर एकटेपणाने बायका खचतात, हे परदेशातल्या आपल्या मुलींना सांगायला नको. मला त्यातून कुणी तारलं असेल तर समुपदेशकाच्या आधी त्या मधल्या दाराने.

आता येऊ या लोकलकडे, कारण मला ठाऊक आहे, खाली कमेंटमध्ये ती येणारच.

डोंबिवलीकर आहे मी. कॉलेज आणि नंतर नोकरी, दोन्ही लोकलच्या जिवावर केलं. लेडीज डब्यात चढल्या चढल्या ‘तुम्ही कुठे?’ विचारून सीट बांधून ठेवायची, घाटकोपरवालीची जागा आधीच तिसरीने घेतलेली असायची. बसायला मिळावं म्हणून उलटी कल्याणला जाऊन रिटर्न यायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूची तोरणं, संक्रांतीत चालत्या गाडीत हळदीकुंकू, डोहाळजेवणंसुद्धा. माझ्या लग्नाची साडी घरच्यांच्या आधी डब्यातल्या बायकांनी पसंत केली होती. असला जिव्हाळा हेलसिंकीच्या मेट्रोत औषधालाही सापडायचा नाही. १९८२ पासून ती केशरी गाडी धावते आहे. तिच्यात कुणी कुणाला ‘तुम्ही कुठे?’ विचारलं असेल तर ती बातमी होईल.

पण हा जिव्हाळा तयार कुणी केला? बायकांनी. सकाळी चारला उठून डबे करून आलेल्या, उभ्याने भाजी निवडणाऱ्या बायकांनी. रेल्वेने नाही, शहराने तर नाहीच. शहराने काय केलं, तर त्या जिव्हाळ्याच्या भरवशावर गर्दी तशीच ठेवली. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून खाली पडून माणसं दगावली. मग नॉन-एसी गाड्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायची घोषणा झाली. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ साली! तेव्हा ‘मुंबई स्पिरिट’ हा शब्द कुणी कौतुकाने काढला की माझ्या कपाळावर आठी येते. डब्यातल्या मैत्रिणींची आठवण येते, रोज येते. दारातल्या त्या लोंबकळण्याची येत नाही.

या उन्हाळ्यात आई आली होती, आणि माझं म्हणणं मला खरं नीट कळलं ते तेव्हा.

आई पासष्टीच्या पुढची, गुडघे दुखरे. पहिले काही दिवस मी तिला सगळीकडे घेऊन फिरले. मग माझी सुट्टी संपली. एका सकाळी बघते तर तिने कागदावर देवनागरीत स्टॉपची नावं ओळीने लिहून काढलेली : कार्हुपुइस्तो, हाकानिएमी, रौतातिए-असेमा (म्हणजे रेल्वे स्टेशन). फिनिश भाषा जशी लिहितात बव्हंशी तशीच बोलतात, त्यामुळे देवनागरीत ती छान बसते. पर्समध्ये तो कागद, प्रवासाचं कार्ड आणि चष्मा. बाई एकटी ट्रामने गेली. कल्लिओ नावाच्या वस्तीत, चढावर आमचं घर, पण स्टॉपपर्यंत फुटपाथ सलग, मध्ये दुकानाच्या पायऱ्या नाहीत, मोटरसायकली नाहीत, उघडं गटार नाही. ट्रामची फरशी खाली, पाऊल उचलावं लागतच नाही म्हणाली. बाजारचौकातून सुओमेनलिन्नाच्या किल्ल्यावर जायला होडी आहे, तीही त्याच कार्डावर. पंधरा मिनिटांचा समुद्र. स्वीडिश लोकांनी १७४८ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला. तिथे आजही आठेकशे माणसं राहतात. परत येताना चौकात सीगलने तिच्या हातातलं आइस्क्रीम पळवलं. त्या पक्ष्याला तिने मराठीत जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर ती जवळजवळ रोज जायची. किल्ल्याचं कौतुक संपलं होतं, तिला जाण्याचंच कौतुक होतं.

आणि हीच माझी आई डोंबिवलीत असताना गिरगावच्या मावशीकडे जात नाही. सख्खी बहीण. आम्हा दोघा भावंडांना काखोटीला मारून तीच आई एके काळी दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरायची, येताना मावशीने दिलेलं लोणचं सांभाळत. आता स्टेशनपर्यंत रिक्षा मिळायची मारामार, मग पूल, मग गर्दीत चढायचं, दादरचा तो पूल, पुन्हा चढायचं. ‘बघू, थंडीत जाईन’ म्हणते आणि थंडी निघून जाते. दोघी बहिणी व्हिडिओ कॉलवर एकमेकींचं कपाळ बघत बोलतात. त्यांच्यामधलं अंतर पन्नास किलोमीटरही नाही. या दोघींना कुणी शिडीची पायरी विचारली तर त्या काय आकडा सांगतील? नातवंडं चांगली, पेन्शन येतं, तक्रार काही नाही, म्हणून पाच-सहा म्हणतील. बहिणीची भेट गेली ती कुठल्या रकान्यात लिहायची, हे त्यांना सुचणारही नाही. लोक याला वय म्हणतात. मी वय म्हणत नाही. तेच गुडघे इथे रोज होडीत चढत होते.

आता फिनलंडची आरती मी ओवाळते आहे असं वाटत असेल तर तेही ऐकून घ्या. इथली बेकारी २०२५ मध्ये दहा टक्क्यांच्या घरात गेली, युरोपात ही वरच्या रांगेतली. बाहेरून आलेल्यांना तर नोकरी मिळणं महाकठीण. भाषा येत नसेल तर कितीही शिकलेले असा, अर्जाला उत्तर येत नाही. २०२५ च्या जूनपासून नियम असा आहे की नोकरीच्या परवान्यावर आलेल्याची नोकरी गेली तर तीन महिन्यांत, काही गटांना सहा महिन्यांत, दुसरी शोधायची. नाहीतर परवाना रद्द होऊ शकतो. आमच्या ओळखीचं एक जोडपं सध्या याच घालमेलीत आहे. त्यांचा मुलगा पहिलीत, गळ्यात घराची किल्ली अडकवून एकटा ट्रामने शाळेत जातो, खुशाल. आईवडील रात्रभर जागे. या घराची शिडी मोजायला कुणी गेलं तर मुलगा नऊ सांगेल आणि बाप दोन. ट्राम वेळेवर येते म्हणून व्हिसाची चिंता हलकी होत नाही. शहर सगळ्यांचं असतं, देश मात्र कागद तपासतो. हे पहिल्या क्रमांकाच्या बातमीत कधी येत नाही.

‘तुमचं हेलसिंकी जेमतेम सात लाखांचं, इथे येऊन दाखवा’ असं कुणी लिहीलच. बरोबर आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. रेल्वेच्या गर्दीला सोपं उत्तर नाही, मलाही सुचत नाही. पण मी रेल्वेचं बोलतच नाहीये. दारापासून स्टेशनपर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरचं बोलते आहे. हेलसिंकीने वस्त्यांमधल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातली, रस्ते अरुंद केले, कॅमेरे लावले. जुलै २०२५ मध्ये महापालिकेने सांगितलं, गेल्या बारा महिन्यांत शहरात रस्ता अपघातात एकही मृत्यू नाही. हिवाळ्यात फुटपाथवर खडी टाकतात, लोक घसरून पडू नयेत म्हणून. बुटांच्या खाचांत ती खडी अडकून घरभर होते, एप्रिलमध्ये झाडून काढतात तेव्हा शहरभर धुरळा उडतो आणि आजोबा पुन्हा कुरकुरतात. खडीच आहे ती! ती काही फिनलंडची मक्तेदारी नाही.

डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर काय होतं ते डोंबिवलीकरांना सांगायला नको. गणपतीच्या देवळापर्यंत माणसंच माणसं, नवे कपडे, गाडी घुसवायची कुणाची टाप नाही. त्या सकाळी म्हाताऱ्या बायकासुद्धा रस्त्याच्या मधून चालतात. आईला मी म्हटलं, असं महिन्यातून एका रविवारी सकाळी करायला काय हरकत आहे? ती म्हणाली, ‘रिक्षावाले ऐकतील का? आणि दुकानदार?’

नाहीच ऐकणार. इथे २०२३ मध्ये एस्प्लनाडीसारख्या मधोमधच्या रस्त्यावर गाड्यांच्या लेन कमी करून बघितल्या, तेव्हा गाडीवाल्यांनी आणि दुकानदारांनी डोकं उठवलं होतं. पेपरात पत्रं, महापालिकेत खडाजंगी, शेजारचे आजोबा तर दोन्ही बाजूंना शिव्या देत होते.