यादी कुठून घेतली, तेच राहिलं

'रेशनकार्डाच्या यादीवरून किट वाटले, त्यामुळे गावात कोणीही वंचित राहिलं नाही' हे टाळेबंदीत एका संस्थेने केलेल्या शिधावाटपावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. पूर्वार्ध खरा असेल, तर उत्तरार्ध खरा असणं अवघड आहे. एप्रिल 2020 मध्ये मीही आमच्या भागातल्या एका संस्थेबरोबर किट भरत होतो. पहिल्या फेरीला आम्हीही कार्डाचीच यादी धरली आणि तिथेच फसलो. अन्नसुरक्षा यादीतल्या लोकांना गरीब कल्याण योजनेतून माणशी 5 किलो धान्य मोफत मिळत होतं, त्यावर आमचं किट. आणि गावाबाहेर पालं टाकून अडकलेले, कार्ड दुसऱ्याच जिल्ह्यात असलेले किंवा मुळात कार्डच नसलेले लोक आमच्या कागदावर नव्हतेच! विनाकार्ड स्थलांतरितांसाठी केंद्राने धान्य जाहीर केलं ते 14 मे रोजी. तोवर टाळेबंदीला 50 दिवस झाले होते.

दुसऱ्या फेरीची यादी आम्ही आशाताई आणि अंगणवाडीताईंना करायला सांगितली. कोणाची चूल पेटत नाही हे त्यांना तोंडपाठ होतं. धान्य कमी करा, तेल, मीठ, तिखट, साबण वाढवा, हेही त्यांनीच सांगितलं. (सॅनिटरी पॅड आम्हा पुरुषांच्या डोक्यातही आले नव्हते.) लेखातल्या संस्थेच्या कष्टांबद्दल वाद नाही. वेशीवर काट्या टाकून रस्ते अडवलेले असताना डोक्यावरून पोती नेणं काय असतं ते माहीत आहे. पण पुढच्या फेऱ्यांत त्यांची यादी बदलली का, एवढं तरी लेखकाने विचारायला हवं होतं.