परदेशातून : नाही म्हणणारा जिल्हाधिकारी

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा निर्घृण खून झाला. तो बंदुकीने झाला नव्हता. पण त्यानंतर पिस्तूल नाचवणाऱ्यांचे, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ बाहेर आले, एकट्या बीडमध्ये बाराशेच्या वर शस्त्र परवाने असल्याचं उघड झालं आणि त्यातले कित्येक रद्द करावे लागले. तेव्हापासून गावाकडच्या मित्रांकडून एक युक्तिवाद सारखा ऐकतो आहे: गुंडांकडे गावठी कट्टे असतातच, मग सरळमार्गी माणसालाही अमेरिकेसारखी बंदूक मिळू द्या.

मी टेक्सासमध्ये, डॅलसजवळ राहतो. मित्रांनो, हे मागू नका.

युवाल्डी याच राज्यातलं गाव. तिथल्या तरुणाने अठरावा वाढदिवस होताच दोन रायफली कायदेशीरपणे विकत घेतल्या. नावावर गुन्हा नव्हता, त्यामुळे खरेदीच्या वेळी होणाऱ्या गुन्हे-नोंदीच्या तपासणीत अडायचं काही कारणच नव्हतं. ‘तुला ही कशाला हवी?’ हे विचारणारा अधिकारी इथल्या कायद्यात नाहीच. २४ मे २०२२ रोजी त्याने प्राथमिक शाळेतली १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या. चांगल्या माणसाच्या हाती बंदूक असली की वाईटाला आळा बसतो म्हणतात. त्या दिवशी तिथे ३७६ सशस्त्र पोलीस आणि जवान जमले होते, आणि हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटं लागली.

मुलं गमावलेले आईबाप राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला जाऊन एवढंच मागत होते की अशी रायफल घ्यायचं वय २१ करा. ६ मे २०२३ ला आमच्याजवळच्या ॲलनमधल्या मॉलमध्ये आठ जण मारले गेले, तेव्हा दोन दिवसांनी ते विधेयक कसंबसं समितीतून पुढे सरकलं. दुसऱ्या दिवशी ते सभागृहापुढे आणायची मुदत टळली आणि ते तिथेच मेलं.

इथे किराणा दुकानाच्या काचेवर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंच अक्षरांत पाटी असते: उघडपणे पिस्तूल लावून आत येऊ नये. पाटी नसेल तर लावून येता येतं. मुलीला मैत्रिणीकडे खेळायला पाठवताना आम्ही तिच्या आईला विचारतो, घरात बंदूक आहे का, कुलपात असते का. ती शांतपणे उत्तर देते. बंदूकधारी शिरला तर काय करायचं म्हणून शाळेत दिवे घालवून, दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात गप्प बसायचा सराव होतो.

दूर रानात राहणाऱ्याला पोलीस वेळेवर पोचत नाहीत, हे खरं आहे, इथेही आणि मराठवाड्यातही. त्याची गरज मी नाकारत नाही. ती गरज तपासायची सोय मात्र आपल्याकडे आहे: १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार पोलिसांचा अहवाल येतो आणि जिल्हाधिकारी परवाना नाकारू शकतो. युवाल्डीच्या आईबापांना याच्या पासंगालाही पुरेल असं काही मिळालं नाही. आणि आपण ही सोय नेत्याच्या शिफारसपत्रावर उधळतो! त्याचा मला राग येतो.

बीडमध्ये रद्द झालेले परवाने वर्षभराने गुपचूप परत मिळता कामा नयेत. प्रत्येक जिल्ह्यात किती परवाने आहेत, कोणत्या कारणासाठी दिले आणि किती नाकारले, हे जिल्हाधिकारी कार्यालयाने दरवर्षी जाहीर करावं. नूतनीकरणाच्या वेळी धोका अजून आहे का, हे पोलिसांनी नव्याने लिहून द्यावं. गावच्या ग्रामसभेतून ही मागणी यंदाच जाऊ द्या.