चाळीस पाय आणि एक काका

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात एका वेळी एकच सूर काढणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे काकांचा रोलंड एसएच-१०१. बाकी आम्ही सगळे एकदम बोलतो.

१९८२ साली निघालेला हा करडा प्लॅस्टिकचा सिंथेसायझर. ३२ पट्ट्या, गळ्यात अडकवायचा पट्टा आणि वीज गेली तर पोटात ६ सेल. नवरात्रात काका तो गळ्यात घालून ऑर्केस्ट्रात उभे राहायचे, तेव्हा म्हणे अर्धं बडोदं गरबा सोडून त्यांच्याकडे बघायचं. (काकू म्हणतात, सगळे खेळतच होते.)

त्याच्या पोटात सिक्वेन्सर आहे, म्हणजे घातलेली चाल लक्षात ठेवून पुन्हा पुन्हा वाजवणारी सोय. लोडचं बटण दाबायचं, एकेक पट्टी वाजवायची, जिथे थांबायचं तिथे रेस्ट, आणि मग प्ले. की बसला जपमाळ ओढत. मर्यादा १०० पायऱ्यांची, एक सूर किंवा एक थांबा म्हणजे एक पायरी. आता गरब्याचा हींच ताल सहा मात्रांचा, केरवा आठाचा, आणि १०० ला सहानेही भाग जात नाही, आठानेही नाही. काकांनी हिशेब ९६ वर बसवला : सहा सोळे शहाण्णव, आठ बारे शहाण्णव. उरलेल्या ४ पायऱ्यांना त्यांनी आयुष्यात हात लावला नाही. विचारलं तर म्हणतात, "असू दे, पाहुण्यांसाठी."

पण यंत्राला खोडी तीन. एक, लक्षात चाल एकच राहते. दुसरी घातली की पहिली गेली. दोन, ठेक्याची गती आणि आवाजाचा कंप एकाच दांडीवर. रात्री बाराला गरबा चढला, ठेका वाढवला, की सूरही हिव भरल्यासारखा थरथरायला लागतो. आणि तिसरी खोडी म्हणजे शुद्ध छळ : चुकलेला सूर दुरुस्त करता येत नाही. पंचाण्णवावर बोट घसरलं, की पुन्हा पहिल्यापासून. याच बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, स्वरलेखनाची पद्धत बसवली. त्यांच्या विद्यार्थ्याला निदान कागदावरचा सूर खोडता येत होता!

तर मी ठरवलं, यंत्र सुधारायचं. परदेशात काही हौशी मंडळी अशा म्हाताऱ्या सिंथसाठी नवा मेंदू बनवतात. जुनी चिप काढायची, तिच्या जागी छोटा बोर्ड बसवायचा, की चालींचे साठे, चूक दुरुस्ती, झोल देणारा ठेका, शिवाय मिडी, म्हणजे विजेच्या वाद्यांची एकमेकांशी बोलायची भाषा. या यंत्राचा जन्म मिडीच्या आधी वर्षभराचा, त्यामुळे दुसऱ्या वाद्याशी बोलायचं तर व्होल्टच्या भाषेत. बायकोने पार्सलची पावती बघितली आणि एवढंच विचारलं, "नवीन पेटी नसती आली एवढ्यात?" मी तिला चरणजित सिंगांचं सांगितलं. मुंबईच्या या माणसाने १९८२ मध्येच रोलंडच्या यंत्रांवर राग वाजवून ठेवले होते. ती म्हणाली, "त्यांनी ती उघडली होती का?"

सूचनापत्रात पहिली ओळ होती : जुनी चिप काढा. तीन शब्द. चिपला पाय चाळीस.

गणपतीच्या आदल्या रविवारी बसलो. एका हातात सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्या हातात सोल्डर ओढायचा पंप. पाय तापवायचा, वितळलेलं शिसं चकाकलं की पंपाचा खटका. एक पाय मोकळा. बाजूच्या पायावर तेच. अकराव्या पायापर्यंत मी गुणगुणत होतो. विसाव्याला मान अवघडली. पंचविसाव्याला आई आत येऊन म्हणाली, "कसला रे हा धूप? गणपती उद्या आहे." एकोणचाळीस पाय सुटले. चाळीसावा काही केल्या हलेना. घरातल्या थोरल्या जावयासारखा तोच अडून बसला. मी चिपला हलकेच, अगदी हलकेच, वर उचललं. चिप आली. तिच्याबरोबर बोर्डावरची केसाएवढी तांब्याची रेघही आली, सालीसारखी गुंडाळून.

मी ती रेघ चिमट्यात धरून बराच वेळ बसलो. काका बाहेर पेपर वाचत होते. मधूनच विचारत, "झालं का?" मी "होतंय" म्हणत होतो, म्हणजे खोटं नव्हतं.

गणपती बसले, आरत्या झाल्या, आणि दोन दिवसांनी यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळून मी रावपुऱ्यात एका रेडिओवाल्याकडे गेलो. त्याने चष्मा कपाळावर नेला, भिंग डोळ्याला लावलं. "भाई, आ तो म्यूझियमनी चीज छे. कोणे बगाड्युं?" मी सांगितलं, एका ओळखीच्या माणसाने. त्याने एक बारीक तार घेतली, दोन्ही टोकं चाटून घेतल्यासारखी टेकवली, आणि तुटलेल्या रेघेवर पूल बांधला. सगळं मिळून चार मिनिटं. पैसे किती विचारल्यावर म्हणाला, "ओळखाण वाळाने कहेजो, पंप ओछो, धीरज वधारे." म्हणजे पंप कमी, धीर जास्त. समोरच्या गाडीवर सेव-उसळ खाल्ली तेव्हा कुठे हात थरथरायचे थांबले.

घरी नवा बोर्ड बसवला. चालू केलं. चाललं! आता अनेक चाली ठेवा, चुकलेला सूर मागे जाऊन बदला. फक्त बटणं जुनीच आणि कामं नवी, म्हणून एकेका बटणाला तीन-तीन अर्थ. नुसतं दाबलं तर एक, धरून ठेवलं तर दुसरा, दुसऱ्याबरोबर दाबलं तर तिसरा. आमच्याकडे आईच्या 'बरं' या शब्दाला असतात तसे.

काका येऊन बसले. नव्या गोष्टींवर एक शब्द काढला नाही. लोड दाबलं आणि डोळे मिटून ९६ सूर घातले, एकदाही न चुकता. ज्या सोयीसाठी मी रेघ उपटली होती, ती त्यांना लागलीच नाही. मग प्ले.

चाल सुरू झाली, पण मधूनच एखादा सूर गळायला लागला. कधी सहावा, कधी सतरावा. दर फेरीला वेगळा. सूर वाजेल की नाही हे नशिबावर सोडायचीही एक नवी सोय आहे, आणि माझ्याकडून ती कुठल्या तरी दोन बटणांनी सुरू झाली होती. कुठल्या, ते आठवेना. मी घाम पुसत सूचनापत्र चाळायला लागलो.

"कोण रे हा मध्येच गाळतोय?" काका म्हणाले.

"बंद करतो, काका. एक मिनिट."

"राहू दे." ते मांडीवर ठेका धरून होते. "आमचा ढोलकवाला अगदी असाच होता."