उपाधीचा वाद आणि वॉर्डातले प्रश्न

केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०२५ रोजी एक पत्र काढून फिजिओथेरपिस्टनी आपल्या नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असे कळवले आणि दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतले. त्याच वर्षी आलेल्या फिजिओथेरपीच्या नव्या अभ्यासक्रमाने नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ लावण्याची मुभा दिली होती, तिला डॉक्टरांच्या संघटनांनी हरकत घेतली होती आणि हे पत्र त्यातूनच आले होते. त्या दोन दिवसांत माझ्या जुन्या वर्गमित्रमैत्रिणींच्या गटांवर जितके संदेश आले, तितके पक्षाघातावरच्या (स्ट्रोकवरच्या) कोणत्याही मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाल्यावर आलेले मला आठवत नाहीत.

मी महाराष्ट्रात फिजिओथेरपी शिकले आणि आता इंग्लंडमध्ये पक्षाघाताच्या संशोधनात काम करते. माझ्या कामाचा एक भाग चाचण्यांचा आहे. दुसरा भाग तरुण थेरपिस्ट, परिचारिका आणि बोलण्या-गिळण्याच्या त्रासांवर उपचार करणारे सहकारी यांना संशोधनाच्या वाटेवर आणण्याचा आणि तिथे टिकवून ठेवण्याचा. सुट्टीच्या दिवशी हेच दुसरे काम भारतातल्या काही तरुण सहकाऱ्यांबरोबर ऑनलाइन चालते. त्यामुळे उपाधीच्या वादाकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही, आणि तो वाद पोरकट आहे असेही मला म्हणायचे नाही. ज्या रुग्णालयात थेरपिस्टला ‘मालिशवाला’ समजले जाते आणि सकाळच्या राउंडमध्ये त्याचे मत विचारले जात नाही, तिथे नावाआधीच्या दोन अक्षरांना किंमत येणारच.

या वादात इंग्लंडचे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले जाते, आणि दोन्हीकडून अर्धेच. इथे फिजिओथेरपिस्ट ‘डॉ.’ लावत नाहीत, पीएचडी असेल तर गोष्ट वेगळी, हे खरे आहे. इथले शल्यविशारदसुद्धा जुन्या प्रथेनुसार स्वतःला ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ म्हणवून घेतात. परंतु ‘फिजिओथेरपिस्ट’ ही संज्ञाच इथे कायद्याने संरक्षित आहे; नोंदणी नसताना ती वापरणे हा गुन्हा आहे. योग्य प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टला २०१३ पासून स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा अधिकारही आहे. १८९४ मध्ये चार परिचारिकांनी स्थापन केलेल्या एका छोट्या संस्थेपासून इथवर यायला या व्यवसायाला शतकाहून अधिक काळ लागला. ‘बघा, तिकडे उपाधीशिवाय चालते’ असे सांगणारे या अधिकारांबद्दल बोलत नाहीत. हे अधिकार उपाधीने मिळाले नाहीत, ही बाब मग उपाधीसाठी भांडणाऱ्यांच्याही नजरेतून निसटते.

माझ्या मते एखाद्या आरोग्य व्यवसायाला वजन येते ते त्यातली माणसे स्वतःचे प्रश्न स्वतः विचारू लागतात आणि उत्तर आपल्या मनाविरुद्ध आले तरी ते छापतात तेव्हा. पक्षाघाताच्या क्षेत्राइतके हे दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसते.

पक्षाघात म्हटले की लोकांना रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आठवते, आणि अलीकडे मेंदूच्या रक्तवाहिनीतून गुठळी ओढून काढण्याची प्रक्रिया. दोन्ही उपचार मोलाचे आहेत. इंजेक्शनची उपयुक्तता १९९५ मध्ये पहिल्या तीन तासांसाठी सिद्ध झाली आणि २००८ मध्ये ती मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. गुठळी काढण्याच्या प्रक्रियेचे ठोस पुरावे २०१५ च्या सुमारास एकापाठोपाठ एक आले. तरीही कोणत्याही देशात बहुसंख्य रुग्णांना यांपैकी काहीच मिळत नाही. कोणी उशिरा पोचतो, कोणाच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो, कोणाला इतर कारणांनी हे उपचार देता येत नाहीत. या सर्वांना उपयोगी पडते ती एक अगदी साधी दिसणारी गोष्ट, म्हणजे पक्षाघातासाठी वेगळा वॉर्ड आणि त्यात एकत्र बसून निर्णय घेणारे डॉक्टर, परिचारिका आणि थेरपिस्ट. अशा वॉर्डात उपचार झालेले रुग्ण अधिक संख्येने जगतात आणि अधिक संख्येने स्वावलंबी होऊन घरी जातात, हे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून दाखवले गेले आहे. अशा वॉर्डात नेमके काय घडते याचा शोध मात्र डॉक्टरांइतकाच इतरांनीही घेतला.

सँडी मिडलटन या ऑस्ट्रेलियातल्या परिचर्या क्षेत्रातल्या प्राध्यापिका. त्यांच्या गटाने न्यू साउथ वेल्समधली १९ स्ट्रोक युनिट, म्हणजे असे वेगळे वॉर्ड, घेऊन त्यांतल्या दहांमध्ये तीनच गोष्टी काटेकोर केल्या: ताप आला तर लगेच उतरवणे, रक्तातली साखर ताब्यात ठेवणे आणि काहीही तोंडाने देण्याआधी रुग्णाला नीट गिळता येते का ते तपासणे. या तिन्ही गोष्टी परिचारिकांच्या हातातल्या होत्या, आणि त्यांत नवे औषध किंवा नवे यंत्र नव्हते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नव्वद दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्या रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या युनिटमध्ये ५८ टक्के आणि या युनिटमध्ये ४२ टक्के होते. औषध कंपन्या ज्या फरकाची स्वप्ने पाहतात तो फरक इथे थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि पाण्याच्या घोटाने पडला.

दुसरे उदाहरण मला व्यवसायाने अधिक जवळचे आहे. मेलबर्नच्या फिजिओथेरपिस्ट ज्युली बर्नहार्ट यांनी पहिल्या चोवीस तासांत रुग्णाला उठवून बसवणे, उभे करणे, चालवणे आणि हे वारंवार करणे अधिक फायद्याचे ठरते का, हे पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांमधल्या २,१०४ रुग्णांवर तपासले. आमच्या व्यवसायातल्या बहुतेकांना उत्तर ठाऊक असल्यासारखेच वाटत होते. ते २०१५ मध्ये उलटे आले. तीन महिन्यांनंतर चांगल्या स्थितीत असलेल्यांचे प्रमाण लवकर आणि जास्त हालचाल करवलेल्या गटात ४६ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ५० टक्के होते. (या निष्कर्षाचा आधार घेऊन ‘पहिले काही दिवस हलवूच नका’ असे सांगणारे मला दोन्ही देशांत भेटले आहेत. तुलनेतल्या दुसऱ्या गटालाही बऱ्यापैकी लवकरच उठवले जात होते, एवढे वाचण्याचे कष्ट त्यांनी घेतलेले नसतात.) आपल्याच व्यवसायाची आवडती समजूत आपल्याच हाताने तपासून, ती चुकली हे जगाला सांगणाऱ्या फिजिओथेरपिस्टला त्यानंतर कोणत्याही बैठकीत आपली ओळख सिद्ध करावी लागत नाही.

आता भारताकडे वळू. भारतात मोठ्या चाचण्या होऊ शकत नाहीत, ही समजूत अनिवासी मंडळींमध्ये फार लाडकी आहे आणि ती खोटी आहे. थेरपिस्टची टंचाई असलेल्या देशात घरच्या माणसांना शिकवून पुनर्वसन साधता येईल का, हा प्रश्न भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर तपासला गेला. २०१७ मध्ये आलेल्या उत्तरानुसार सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन, घरच्यांना शिकवलेल्या आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या, दोन्ही गटांत ४७ टक्केच होते. पुढे पक्षाघात पुन्हा होऊ नये म्हणून १२ भाषांत तयार केलेले संदेश, चित्रफिती आणि पुस्तिका ३१ केंद्रांतल्या ४,२९८ रुग्णांवर तपासल्या गेल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांतही फरक दिसला नाही. कोणत्याही देशाने अभिमान बाळगावा असे हे काम आहे. या दोन्ही चाचण्यांचे भारतातले नेतृत्व प्रामुख्याने न्यूरॉलॉजिस्टनी केले आणि त्याचे श्रेय त्यांना निःसंकोच द्यायला हवे.

मला खटकते ते पहिल्या निष्कर्षानंतरचे आमचे मौन. ‘आपल्याकडे कुटुंबे आहेत, तीच आपली ताकद’ हे वाक्य आपल्या परिषदांमधून अजूनही पूर्वीसारखेच ऐकू येते. घरच्यांना शिकवून काही उपयोग नाही असे त्या चाचणीने म्हटलेले नाही. त्या पद्धतीने, तेवढ्या वेळात आणि त्या मोजमापावर फायदा दिसला नाही, इतकेच तिने सांगितले. मग पद्धत कोणती बदलावी? काय शिकवावे? घरातल्या कोणाला, आणि घरी गेल्यानंतर कितव्या आठवड्यात? हे प्रश्न रोज रुग्णाच्या खाटेजवळ उभ्या राहणाऱ्या थेरपिस्टचे आहेत. ते विचारायला त्याला उसंतही नाही आणि पाठबळही नाही.

मार्गदर्शनाचे काम इथूनच सुरू होते. भारतातून पहिल्यांदा संपर्क साधणारे तरुण सहकारी बहुधा विचारतात, ‘मॅडम, कोणत्या विषयावर पेपर लवकर होईल?’ त्यांना दोष देता येत नाही. पदव्युत्तर प्रबंध ठरावीक महिन्यांत, मोजक्या रुग्णांवर, गाइडने सुचवलेल्या विषयावर पुरा करायचा असतो आणि परीक्षा झाली की तो ग्रंथालयाच्या कपाटात जातो. अशा वेळी मी विषय सुचवत नाही. या आठवड्यात वॉर्डात कोणत्या गोष्टीने चिडचिड झाली ते विचारते. एका तरुण फिजिओथेरपिस्टला रुग्णांसाठी व्यायामाचे अ‍ॅप बनवायचे होते. बोलता बोलता तिची खरी चिडचिड बाहेर आली: घरी जाताना दिलेला व्यायामाचा कागद ज्या नातेवाइकाला समजावून सांगितला जातो, तो बहुतेक वेळा घरी रुग्णाजवळ राहणारा नसतोच. तिने अ‍ॅप बाजूला ठेवले आणि शिकवले कोणाला गेले, प्रत्यक्ष करवून कोण घेते आणि ते किती दिवस टिकते, एवढेच नोंदवायला सुरुवात केली. यातून मोठा शोधनिबंध होईल की नाही, सांगता येत नाही. परंतु १,२५० रुग्णांच्या त्या चाचणीला पुढचे पाऊल मिळायचे असेल तर ते अशा नोंदींतूनच मिळेल.

बाकी मार्गदर्शन बरेचसे रुक्ष असते. मोजमाप आधी ठरवणे, ते निकाल पाहून न बदलणे, नैतिकता समितीच्या शंकांना उत्तरे देणे, नापसंत झालेला मजकूर पुन्हा लिहिणे. इथे हे शिकवायला पगारी माणसे असतात. भारतात ते एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या फावल्या वेळावर अवलंबून असते.

यावर मला हमखास ऐकवले जाते की एवढी कळकळ असेल तर परत या. मीही तो विचार केलेला आहे. परत येणाऱ्या थेरपिस्टसाठी अर्धा वेळ रुग्ण आणि अर्धा वेळ संशोधन अशी पदे मात्र जवळजवळ नाहीत. खासगी दवाखाना किंवा महाविद्यालयातली शिकवणी, यांतले एक निवडावे लागते. पद निर्माण न करता माणसाला बोलावणे आणि तो आला नाही म्हणून त्याच्या निष्ठेवर बोट ठेवणे मला मान्य नाही.

त्याचबरोबर इथले सारे आलबेल आहे असे भासवणेही अप्रामाणिक ठरेल. इंग्लंडच्या आरोग्य सेवेने २०१९ मध्ये गुठळी काढण्याची प्रक्रिया २०२२ पर्यंत दहा टक्के रुग्णांपर्यंत नेण्याचे ठरवले होते. मुदत उलटून गेल्यावरही प्रमाण त्याच्या निम्म्यावर पोचलेले नव्हते. २०२३ च्या मार्गदर्शक सूचना रुग्णाला आठवड्यातले किमान पाच दिवस, रोज किमान तीन तास पुनर्वसन मिळावे असे सांगतात, आणि ज्या वॉर्डात माणसेच कमी आहेत तिथे त्या सूचना भिंतीवर लावून ठेवण्यापुरत्या उरतात. संशोधनासाठी राखलेला वेळ पाळीत माणूस कमी पडला की सर्वांत आधी कापला जातो. त्या पाळ्या भरून काढणाऱ्यांत आपल्याकडची अनेक माणसे असतात, आणि भारतात वर्षानुवर्षे काम केलेल्यांनाही इथे पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.

परदेशातून मार्गदर्शन करण्याची मर्यादाही मला दिवसेंदिवस अधिक जाणवते. तीन तासांचे पुनर्वसन हा इथला प्रश्न आहे. जिथे बिल पाहून कुटुंब चौथ्या दिवशी रुग्णाला घरी नेते, तिथे तो प्रश्न घेऊन जाणे म्हणजे आपली बाजारपेठ वाढवणे. डिसेंबरात सुट्टीवर येऊन व्याख्यान देणाऱ्या आम्हा मंडळींकडून हे वरचेवर घडते. म्हणून भारतातला प्रश्न भारतातल्या सहकाऱ्याचा आणि निबंधावरचे पहिले नावही त्याचेच, हा माझ्यापुरता नियम आहे.

उपाधीवर खर्च होणाऱ्या शक्तीचा थोडा वाटा मला दुसरीकडे वळवावासा वाटतो. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग निर्माण केला आणि शिक्षणाचे किमान निकष ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे दिला. समजा, त्याने वीस महाविद्यालयांना एकच प्रश्न घ्यायला सांगितले आणि प्रत्येक ठिकाणच्या एका विद्यार्थ्याने तीसच रुग्णांवर तीच मोजमापे त्याच पद्धतीने घेतली, तर आज वेगवेगळ्या कपाटांत पडणाऱ्या वीस प्रबंधांऐवजी सहाशे रुग्णांचा एक अभ्यास हाती येईल. पहिला विषय म्हणून मी पक्षाघातानंतरची खांदेदुखी सुचवेन: ती सर्वत्र आढळते, मोजायला महागडी यंत्रे लागत नाहीत आणि तिच्यावर काय करावे याबाबत दर वॉर्डात वेगळे मत असते. ही कल्पना मी मांडली तेव्हा विद्यार्थ्यांपेक्षा गाइड मंडळींनी जास्त हरकत घेतली, कारण प्रत्येकाला स्वतःचा विषय हवा असतो आणि सामायिक निबंधावर आपले नाव कितवे येणार हे आधी जाणून घ्यायचे असते. वीस नैतिकता समित्यांकडे वीस वेळा जावे लागेल, ही दुसरी हरकत मला अधिक खरी वाटते आणि तिच्यावर उपाय करणे आयोगाच्या आवाक्यातले आहे. नावांच्या क्रमाचा तंटा मात्र गाइड मंडळींनाच आपसात मिटवावा लागेल.